नव्या चुकीचा पेढा

प्रशिक्षणात कुणाचं काही चुकलं, की गुरुजी आधी चष्मा कपाळावर सरकवायचे. मग खांद्यावरच्या कापडी पिशवीतून एक लांबट वही काढून सावकाश पानं उलटायचे. चुकलेला शिक्षक उभा. मग निकाल यायचा.

"ही झालेली हाय. म्याच केलेली. बसा. तुम्ही नवी करा."

क्वचित मात्र ते शेवटच्या पानापर्यंत जायचे, वही फटकन मिटायचे आणि त्यांचा आवाज एकदम चढायचा. "न्हाय! ही न्हाय वहीत! या, या, पुढं या!" पिशवीतून भूमच्या पेढ्यांचा डबा निघायचा. नवी चूक करणाऱ्याच्या हातावर एक पेढा, वहीत त्याच्या नावाच्या पानावर चुकीची नोंद, आणि बाकीच्यांच्या टाळ्या. जुन्या चुकीला पेढा नाही. हा नियम त्यांनी कुणासाठी मोडला नाही. एकदा पाहणीला आलेल्या साहेबांनी उत्साहानं प्रोजेक्टर सुरू केला आणि भिंगावरचं झाकण काढायचं विसरून पडद्याकडं बघत उभे राहिले. आपलं चुकलं हे कळल्यावर साहेबांनी हसून हात पुढं केला. गुरुजींनी वही उघडली. "साहेब, पान तीन. सात जणांची झालीय." साहेब रिकाम्या हातानं खाली बसले.

तुम्ही कधी शिक्षकांच्या सरकारी प्रशिक्षणाला बसला असाल, तर तुम्हाला ठाऊक असेल. माणसं सहीसाठी येतात आणि जेवणासाठी थांबतात. पुढं सुलभक, म्हणजे शिकवणाऱ्यांना शिकवणारा, बोलत असतो. मागच्या बाकांवर ऊसतोड, बदल्या आणि सोयरिकी यांची चर्चा चाललेली असते. आमच्या परंडा तालुक्यातही तसंच होतं. पण गणित आणि विज्ञानाच्या तासाला मोबाईल, टॅब, प्रोजेक्टर कसे वापरायचे याचं प्रशिक्षण गुरुजी घ्यायला लागले, आणि मागचे बाक रिकामे पडू लागले. सगळ्यांना पुढं बसून चुकायचं होतं.

त्यांचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. तालुक्यात गुरुजी पुष्कळ आहेत, पण पुढं आडनाव न लावता नुसतं 'गुरुजी' म्हटलं की ते एकटेच. उंच, किडकिडीत, एका खिशात खडू, दुसऱ्या खिशात गुंडाळलेली चार्जरची वायर. सोनारीच्या वाटेवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवायचे. मी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गणित शिकवते. आमची ओळख प्रशिक्षणातली. मी दुसऱ्या बाकावर कडेला बसायची, कमी बोलायची, सगळं लिहून घ्यायची. आता ते नाहीत, म्हणून हेही लिहून घेते आहे.

ते सुलभक कसे झाले, हे तुम्हाला सांगायला हवं. कारण तेही एका चुकीतूनच झालं.

विज्ञान शिक्षकांनी एकेका प्रयोगाचा व्हिडिओ करून तालुक्याच्या गटावर पाठवायचा, असा आदेश निघाला होता. गुरुजींच्या वाट्याला मेणबत्तीचा प्रयोग आला. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. गुरुजींनी मोबाईल कंपासपेटीला टेकवून उभा केला, प्रयोग केला आणि खुशीत व्हिडिओ पाठवून दिला.

त्या व्हिडिओत प्रयोग नव्हताच. सेल्फीचा कॅमेरा चालू राहिला होता. चार मिनिटं नुसते गुरुजी. भुवया वर गेल्या, डोळे मोठे झाले, तोंड हळूहळू उघडत गेलं आणि शेवटी त्यांनी लहान मुलासारखी टाळी वाजवली. कशाला वाजवली ते दिसत नव्हतं.

गटावर तीन दिवस हशा चालला. दुसरा कुणी असता तर त्यानं व्हिडिओ पुसून टाकला असता. गुरुजींनी तो वर्गात लावला आणि पोरांना विचारलं, "सांगा, म्या काय बघितलं आसंल?"

"गुरुजी, साप!"

"न्हाय रं. साप बघून टाळी वाजवतंय का कुणी?"

"साहेब आले आसतील."

"साहेबाला बघून तर न्हायच न्हाय."

मग मागून एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, तुमची नजर खालनं वर चाललीय. म्हंजी समोर कायतरी वर चढतंय."

हे सांगताना गुरुजींच्या अंगावर दरवेळी काटा यायचा. ते बाही वर करून आम्हाला दाखवायचे. "बगा, आजबी आला. मॅडम, गुरुजी, प्रयोग दाखवला आसता तर पोरांनी नुसता बघितला आसता. दिसला न्हाय म्हणून इचार केला!" त्याच दिवशी त्यांनी चुकांची वही सुरू केली, आणि पुढच्या प्रशिक्षणात माईक त्यांच्या हातात आला.

त्या वहीत काय काय होतं! प्रत्येक शिक्षकाच्या नावाचं एकेक पान. एका गुरुजींनी पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड मोबाईलनं स्कॅन करून अपूर्णांकांचा व्हिडिओ लावायचा होता. त्यांच्या पुस्तकाला बियाण्याच्या कंपनीच्या कॅलेंडरचं कव्हर होतं. स्कॅन केला तो कोड कव्हरावरचा. पडद्यावर एक रुबाबदार मनुष्य शेतात उभा राहून सोयाबीनच्या बीजप्रक्रियेबद्दल बोलू लागला. त्या गुरुजींना वाटलं, उदाहरण शेतीतलं घेतलंय, अपूर्णांक पुढं येतील. ते पूर्ण व्हिडिओ होईपर्यंत हाताची घडी घालून थांबले आणि मग वर्गाला म्हणाले, "समजलं का?" वर्ग म्हणाला, "व्हय गुरुजी." त्यांना मिळालेल्या पेढ्याला सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या.

आणि सोनारीची गोष्ट. काठीची सावली दिवसभरात कशी सरकते, हे मोबाईल एका जागी ठेवून टिपायचं होतं. त्यासाठी गुरुजी आम्हाला सोनारीला घेऊन गेले. देवळाजवळच्या मोकळ्या जागेत काठी रोवली, समोर दगडावर एका मॅडमचा नवा कोरा मोबाईल ठेवला आणि आम्ही झाडाखाली डबे उघडले. सोनारीत माकडं किती आहेत हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण आम्ही सगळे डब्यांवर लक्ष ठेवून होतो. मोबाईलवर कुणाचंच नव्हतं.

माकड मोबाईल घेऊन थेट शिखराच्या पायरीवर जाऊन बसलं. मॅडम रडकुंडीला आल्या. तीस शिक्षक खालून हातवारे करत होते आणि माकड मोबाईलच्या पडद्यात स्वतःला न्याहाळत होतं. गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला, वही काढली, पानं उलटली.

"अवो गुरुजी, वही काय बघताय! माझा मोबाईल!"

"थांबा की. नवी हाय का जुनी ते नको का बघायला?" शेवटचं पान आलं. "नवी हाय!" त्यांनी डब्यातून पेढा काढला आणि हात उंच करून उभे राहिले. माकड उतरलं, मोबाईल पायरीवर ठेवून पेढा घेऊन गेलं. मॅडम मोबाईल पुसत म्हणाल्या, "आता माझा पेढा?"

"तुमचा कसा? चूक त्यानं केली. पेढाबी त्यालाच." वहीत खरोखरच एक पान माकडाच्या नावाचं होतं.

त्या मोबाईलमध्ये सावलीचं चित्रण झालं होतं ते थोडंसंच. पुढं आभाळ, कळस, परत आभाळ, आणि अगदी जवळून एक नाकपुडी. गुरुजींनी तेही पुढच्या प्रशिक्षणात लावलं आणि विचारलं, "सांगा, कॅमेरा कुणाच्या हातात आसंल?"

एवढं हसून झालं, की प्रत्येक प्रशिक्षणाच्या शेवटच्या दुपारी ते वहीचं पहिलं पान उघडायचे. ते लाल शाईनं लिहिलेलं होतं. वर आकडा होता शून्य.

"शाळंला पैल्यांदा टॅब आलं, तवा म्या ते टावेलात गुंडाळून कपाटात कुलूप लावून ठिवलं. म्हणलं, पोरांच्या हातनं फुटलं तर जबाबदारी आपली. वर्षभर एकबी फुटलं न्हाय." इथं ते थांबायचे. "सातवीचा निरोप समारंभ झाला. एक पोरगी पाया पडली आन् म्हणली, गुरुजी, जाता जाता एक इचारू? त्या कपाटात काय हाय?"

हॉलमध्ये तेव्हा कुणी हसायचं नाही.

"त्या वर्षी माझी एकबी चूक झाली न्हाय बगा. म्हणून हिचा नंबर शून्य."

हे ऐकताना मी दरवेळी खाली बघायची. कारण वहीतल्या माझ्या नावाच्या पानावर काहीच नव्हतं.

मी चुकत नसे. खरं सांगायचं तर मी चुकायला घाबरत असे. प्रशिक्षणात करून दाखवायचा पाठ मी घरी तीनदा करून बघायची. फाईल दोन पेनड्राईव्हमध्ये, शिवाय कागदावर. वर्गात मुलांसमोर माझा खडू अडखळत नाही, पण मोठ्या माणसांच्या पुढं उभं राहून आपलं काही चुकतंय, या कल्पनेनंच माझे तळहात ओले व्हायचे. गुरुजींना हे फार लवकर कळलं. ते माझं पान उघडून सगळ्यांना दाखवायचे. "बगा, कसं पांढरंफटक! मला बघवत न्हाय."

मग त्यांनी मला चुकवायचा चंगच बांधला. माझी पाळी आली की प्रोजेक्टरची पिन हळूच सैल करून ठेवायचे. मी सुरू करायच्या आधी पिन तपासायची. त्यांनी रिमोटमधले सेल काढून लपवले. माझ्या पर्समध्ये सेल होते. त्यांनी एक्स्टेन्शन बोर्डच पळवला. माझ्याकडं दुसरा होता.

"मॅडम, तुमच्या पर्समधी दुकान हाय का?"

मी नुसती हसायची. सगळा हॉल आमचा हा सामना बघायला बसलेला असायचा.

मागच्या दसऱ्याच्या सुमारास प्रशिक्षण संपल्यावर ते व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन बसले. हातात वही होती. चष्मा नाकावर होता, म्हणजे गंमत नव्हती.

"मॅडम, मे अखेर मी मोकळा. फुडचं प्रशिक्षण तुम्ही घ्यायचं."

"गुरुजी, मला नाही जमणार."

"का? तुमच्यायेवढं कुणाला येतंय?"

"येतं. पण सगळ्यांसमोर चुकायला नाही जमत."

"तेवढंच शिकायचं ऱ्हायलंय तुमचं." मग जरा वेळ ते गेटाबाहेर कुर्डुवाडीच्या गाडीकडं धावणाऱ्या शिक्षकांकडं बघत बसले. "तुम्ही न्हाय म्हणलात, तर दुसरं कुणीतरी यील. भिंतीवर व्हिडिओ लावील आन् सह्या घिऊन जाईल. ही माणसं परत मागच्या बाकावर जातील, मॅडम. आन् शाळंत जाऊन टॅब परत टावेलात गुंडाळतील."

त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली.

"ठिवा तुमच्याकडं. आमच्या घरात तुमची लई चर्चा असती. घरी गेलं की दारातच मंडळींची इचारणा, आज नवी काय झाली? म्या सांगतो, ही झाली, ती झाली. मग तिकडून दुसरा सवाल. आन् त्या मॅडमची? म्या म्हणतो, न्हाय बा. ती म्हणती, मग तुमाला शिकवाय येत न्हाय."

दिवाळीच्या सुट्टीत, सकाळी अंगणात झाडांना पाणी घालताना गुरुजी खाली बसले ते उठलेच नाहीत. निवृत्तीला सात महिने होते. मी अंत्यविधीला गेले, पण माणसांच्या गर्दीत मागं उभी राहून परत आले. काकूंना, म्हणजे गुरुजींच्या बायकोला, भेटायचं धैर्य झालं नाही. त्यांच्या दुसऱ्या सवालाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

जानेवारीतल्या प्रशिक्षणासाठी कार्यालयातून मला फोन आला. मी नाही म्हणणार होते. समोर टेबलावर वही होती. मी हो म्हटलं.

मग माझ्या पद्धतीनं तयारी. सगळं तीनदा. शिक्षकांना निरोप पाठवायचा होता. मागच्या वर्षीची यादी माझ्याकडं होती. गेल्या वर्षात बदलून गेलेल्यांची नावं काढली, नवी घातली, यादी तीनदा वाचून काढली आणि एकाच वेळी सगळ्यांच्या मोबाईलवर नेहमीचा मजकूर पाठवला. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे. गैरहजर राहिल्यास लेखी खुलासा सादर करावा.

त्या दिवशी हॉल भरला होता. पण मागून. पुढचे तीन बाक रिकामे. मी माईक हातात घेतला. तळहात ओले. आधी मेणबत्तीचा व्हिडिओ लावला. पडद्यावर गुरुजी आले, कंपासपेटीला मोबाईल टेकवून मागं सरकले, भुवया वर जाऊ लागल्या. कुणीतरी नाक ओढलं. तेवढ्यात दार वाजलं, आणि मी घाईनं व्हिडिओ थांबवला.

दारात काकू उभ्या होत्या. डोक्यावर पदर, एका हातात गुरुजींची कापडी पिशवी, दुसऱ्या हातात गुरुजींचा मोबाईल.

"प्रशिक्षणाच्या मॅडम कोणच्या?"

"मी." माईक चालूच होता. तो 'मी' सगळ्या हॉलभर घुमला.

"ह्यांना बोलावणं आलतं." त्यांनी मोबाईल पुढं धरला. "म्हणलं, मोबाईल चालू ठिवलाय तर कुणाचं काय आलं ते बघावं. तर तुमचं आलं."

मला समजायला वेळ लागला नाही. यादीत पहिला क्रमांक गुरुजींचाच होता. ती यादी मी तीनदा वाचली होती. तिन्ही वेळा त्यांचं नाव वाचलं होतं आणि तिन्ही वेळा ते मला बरोबरच वाटलं होतं. मी, जी कधी चुकत नाही तिनं, गेलेल्या माणसाला हजर राहायला सांगितलं होतं. न आल्यास खुलासा मागितला होता. आणि त्याची बायको परंड्याला येऊन तालुक्यातल्या सगळ्या शिक्षकांसमोर माझ्यापुढं उभी होती.

"काकू..."

"ऱ्हाऊ द्या. लेखी द्या म्हणला होता न्हवं?" त्यांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "सातवी पास हाय मी. वाचा मोठ्यांदा. माईक हाय की."

मी वाचलं. अक्षर टपोरं होतं, ओळी सरळ होत्या.

"मॅडमना नमस्कार. विषय, गैरहजर राहिल्याबद्दल खुलासा. तुमचा निरोप पोचला. आमचे मालक दिवाळीत वारले. त्यामुळे येऊ शकत नाहीत. नाहीतर आलेच असते, हे तुम्हाला माहीत आहे. यात त्यांची काही चूक नाही. चूक तुमची आहे. सोबत एक पेढा पाठवत आहे."

हॉलमध्ये आधी कुणालाच कळेना, हसायचं की काय करायचं. काकूंनी पिशवीतून डबा काढला.

"आज नवी काय झाली, ह्याला आता घरी उत्तर द्यायला कोण न्हाय. म्हणून मीच इचारायला आले. ही नवीच हाय ना? का आधी कुणी केलीय?"

मागच्या बाकावरून बियाण्याच्या कव्हरवाले गुरुजी उठले. "वही बघावी लागंल, काकू. नियम म्हंजी नियम."

आणि मग ते सगळे, खरंच सगळे, बाक सोडून पुढं आले. मी पर्समधून वही काढली. चार डोकी तिच्यावर वाकली. पानं उलटली गेली. झाकणाची, कव्हराची, माकडाची. शेवटचं पान आलं.

"न्हाय!" एकदम पाच-सहा आवाज. "ही न्हाय वहीत!"

काकूंनी माझ्या तळहातावर पेढा ठेवला. तळहात ओलाच होता. टाळ्या इतका वेळ वाजत होत्या की माझ्या रडण्याचा आवाज माईकमधून गेला तरी कुणाला ऐकू आला नसावा. मी माझं पांढरं पान उघडलं आणि उभ्यानंच लिहिलं. पहिली चूक. गुरुजींना बोलावलं. अक्षर वाकडं आलं.

माणसं पुढच्या बाकांवर दाटीवाटीनं बसू लागली. काकूही मधे जागा करून बसल्या आणि पडद्याकडं बघू लागल्या. तिथं गुरुजी मी थांबवले होते तसेच होते, डोळे मोठे करून, तोंड अर्धं उघडं ठेवून.

"मॅडम," काकू म्हणाल्या, "चालू करा की आता. किती येळ आ वासून ठिवणार त्यांना?"

मी बटण दाबलं. गुरुजींची नजर खालून वर चढत गेली, आणि त्यांनी टाळी वाजवली.